उसनी धास्ती

श्रुतिकाचा घाबरटपणा कुणाच्या उपयोगी पडेल, असं मगदूमांच्या घरात कुणालाच वाटलं नव्हतं. गॅसचा नॉब बंद करून ती स्वयंपाकघराबाहेर यायची आणि पुन्हा आत जाऊन तो चाचपायची. बारीक तुकडे केल्याशिवाय द्राक्ष लेकीच्या, चार्वीच्या, ताटलीत पडत नसे. जिन्याच्या तोंडाशी लाकडी फाटक बसवून घेतलं होतं, सगळ्या सॉकेटना झाकणं लावली होती, आणि तरी दीड वर्षाची पोरगी क्षणभर दिसेनाशी झाली की ही हाका मारत घरभर शोधायची.

"फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली बाई," अभिनंदन, तिचा नवरा, म्हणायचा, "आणि सॉकेटला घाबरते."

"फिजिक्स केलंय म्हणूनच घाबरते," ती म्हणायची.

मग ती नोकरी आली. घरी बसून करायची. मुलाखतीत कुणी काही विचारलंच नाही. उजव्या हाताला कोपराखाली एक पट्टी बांधली आणि समोर चित्रफिती लावल्या. विळीवर कांदा चिरणारा हात. दाराच्या फटीत गेलेली लहान बोटं. उघड्या इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये शिरलेला माणसाचा हात. शेवटी कंपनीची हर्षदा नावाची मुलगी स्क्रीनवरचे आलेख बघत कौतुकाने म्हणाली, "मॅडम, तुम्ही फार छान घाबरता."

श्रुतिकाला तेव्हा रडूच आलं होतं. या गोष्टीबद्दल तिला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं.

प्रकरण असं होतं. चालू विजेवर काम करणाऱ्या नवशिक्या माणसाला त्याचा हातच मागे ओढत असतो. वर्षानुवर्षं तेच काम केलं की मेंदू तो धोका नेहमीचा म्हणून सोडून देतो, पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो तसा. रबरी मोजे, तोंडावरची काच, पायाखालची चटई, सगळं जागेवर असतं. फक्त धास्ती जागेवर नसते. धोका दिसला की वाजणारी यंत्रं करून पाहिली होती. पण पॅनेलच्या आत चहूबाजूंनी वीजच असते. तिथे सतत केकाटणाऱ्या यंत्राचं काय करायचं? लोक त्याच्या तोंडात चिंधी कोंबून कामाला लागत.

मग एका प्रयोगशाळेने वेगळंच काही हेरलं. दुसऱ्याचा हात धोक्याजवळ जाताना पाहिला, की बघणाऱ्याच्या स्वतःच्या हाताचे स्नायू मागे यायची तयारी करतात. त्याला स्वतःला कळायच्या आधी. ही तयारी म्हणजे स्नायूंमध्ये उठणारी विजेची अगदी बारीक लहर. ती कातडीवरून टिपता येते. आणि तशीच, थोडी मोठी लहर कामगाराच्या हातावरच्या पट्टीतून सोडली, तर त्याचा हात मागे येतो. म्हणजे घाबरायचं एकाने आणि हात मागे यायचा दुसऱ्याचा. पापणी लवायच्या आत.

सगळ्यांत तल्लख लहर निघाली ती लहान मुलांच्या आयांची. त्यात नवल काहीच नव्हतं. रांगत्या पोराच्या मागे राहणारी बाई दिवसभर दुसऱ्याच्याच हातांवर नजर ठेवून असते. कंपनीने या कामाला 'सहप्रहरी' असं भारदस्त नाव दिलं. कारखान्यांतले लोक त्यांना धास्तीवाल्या म्हणत.

एक गोष्ट मात्र पट्टीला कळत नव्हती. भीती किती, हे ती मोजायची. कशाची, हे तिला कळायचं नाही. म्हणून नियम होता: कामाच्या वेळी खोलीत एकटीने बसायचं, दार लावून, फोन बाहेर ठेवून.

श्रुतिकाच्या वाट्याला बाबासो खोत आले. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसच्या कारखान्यांत पॅनेलची कामं करणारे, पन्नाशीकडे झुकलेले. त्यांच्या टोपीवरच्या कॅमेऱ्यातून तिला त्यांचे हात दिसायचे. चेहरा नाही.

"वैनी, बसलासा का खुर्चीवर?"

"बसले, काका."

"भ्या वाटतंय न्हवं?"

"वाटतंय की."

"झ्याक. आदी घरची एकटीच भ्या घालायची मला. आता कंपनीनं दुसरी ठेवलीया."

एवढं बोलून ते गप्प होत. काम चालू असताना सहप्रहरीने बोलायचं नाही आणि कामगारानेही. वीज बंद करून काम होण्यासारखं असेल तर बाबासो बंदच करायला लावत. मॅनेजरने कितीही घाई केली तरी. पण रंगाच्या टाकीत कापड चढलेलं असलं की मशीन थांबवता येत नाही, सगळा माल डागाळतो. तशा वेळी आधी टेस्टर धड चालतोय का ते बघायचं, आजूबाजूच्या वीज वाहणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर रबराचे तक्ते टाकायचे, आणि मग ते मागे वळून आपल्या कोपराची वाट रिकामी आहे का ते पाहत. "तुमी कवाबी ओढणार," ते म्हणायचे. "मागं काय नसलेलं बरं."

पहिल्या महिन्यात एकदा त्यांचा अंगठा तक्त्याच्या कडेबाहेर गेला. श्रुतिकाला कळायच्या आत तिचा हात आखडला आणि तिकडे त्यांचा हात अलगद बाहेर आला. बाबासो हसले. "बोलावणं आलं बगा."

त्या दिवशी जेवताना तिने ही गोष्ट अभिनंदनला सांगितली, सासूबाईंना सांगितली, आणि संध्याकाळी आईला फोन करून पुन्हा सांगितली.

पण बाबासोंचे हात नेटके होते. रोज तेच हात, तीच पॅनेलं, तेच रबराचे तक्ते. बघता बघता श्रुतिकाला त्यांची सवय झाली. तिच्या स्क्रीनच्या कडेला एक उभी रेघ असायची, तिच्या धास्तीची. ती हिरवी होती, पोपटी झाली, मग पिवळी पडायला लागली.

"मॅडम, तुमची धार उतरतेय," हर्षदाने कळवलं. "असंच राहिलं तर खोतांना दुसरी सहप्रहरी द्यावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचंच होतं."

श्रुतिकाने वाईट वाटून घेतलं. दुसरी कुणी बाई बाबासोंच्या हातांकडे बघत बसेल, ही कल्पना तिला सहन होईना. ती मुद्दाम घाबरून बघायची, वाईटसाईट आठवायची, डोळे ताणायची. रेघ हलायची नाही. स्नायूंना सोंग कळतं.

एका सकाळी सासूबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला गेल्या होत्या आणि चार्वीला सांभाळायला कुणी नव्हतं. श्रुतिकाने तिला खोलीतच घेतलं. काम अर्ध्यावर असताना पोरगी खुर्चीवर चढली, खुर्ची जरा डुगडुगली. काही झालं नाही. पण श्रुतिकाने नकळत रेघेकडे पाहिलं तर ती पहिल्या आठवड्यासारखी हिरवीगार होती, आणि पुढचा बराच वेळ तशीच राहिली.

त्यानंतर ती खोलीचं दार उघडं ठेवू लागली. टेबल असं फिरवलं की स्क्रीनच्या पलीकडे जिन्याचं तोंड दिसावं. सासूबाईंना म्हणाली, "असू दे हो आई, खेळेल ती इथेच, तुम्ही पडा जरा." फाटकाची कडी पहिल्यांदा राहिली ती विसरून, असं ती स्वतःला सांगत राहिली. दुसऱ्यांदा मात्र कडी तिने आपल्या हाताने काढली. एका धावेत फाटकापाशी पोचता येतं, हे तिने चार्वी झोपलेली असताना करून पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं.

रेघ हिरवी झाली. हर्षदाने अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं.

"वैनी, हल्ली लई ओढताय," बाबासो एकदा काम संपवून म्हणाले. "आज तर मोजं चढवत हुतो तवाच हात हिसकला. पॅनेल उघडलंबी नव्हतं."

चार्वीने तेव्हा फाटकाला हात लावला होता.

"तुम्ही जवळ गेला होतात काका," श्रुतिका म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नसेल."

त्यांनी हात कॅमेऱ्यासमोर उलटसुलट करून पाहिला. "आसंल," म्हणाले. "वय झालं म्हणायचं."

एका दुपारी अभिनंदन लवकर घरी आला. श्रुतिका नुकतीच पट्टी सोडत होती. जिन्यावरून वर येताना त्याने फाटक ढकललं आणि ते तसंच उघडलं.

"अगं, कडी राहिलीय याची."

"तूच ठेवली असशील सकाळी," ती म्हणाली. "कितीदा सांगितलं तुला. तुझं लक्षच नसतं. उद्या काही झालं म्हणजे?"

तिचा आवाज इतका खरा होता की अभिनंदनने चार्वीला कडेवर घेऊन घट्ट धरलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "परत नाही होणार." आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना तो फाटकाशी थांबून कडी नीट बसलीय ना, हे पाहून जाऊ लागला. तो गेला की श्रुतिका ती काढायची.

मग एके दिवशी टाकीत गडद निळं कापड होतं आणि मशीनच्या पंख्याची एक वायर पॅनेलमध्ये सैल झाली होती. पंखा बंद पडला असता तर मशीन तापलं असतं. रबराचे तक्ते टाकले, कोपराची वाट पाहिली, बाबासोंनी ती वायर सोडवली. तिचं टोक चालू होतं. ते मोज्यातल्या चिमटीत धरून ते नव्या जागी नेत होते. हे काम श्रुतिकाने कितीतरी वेळा पाहिलं होतं. हातात चालू टोक असताना माणसाला ओढायचं नसतं. तो सावकाश जात असतो, त्याला जाऊ द्यायचं असतं. हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं; खरोखर त्यांच्या हाताकडे बघणाऱ्या बाईचा हात अशा वेळी आपोआपच शांत राहतो.

स्क्रीनच्या पलीकडे चार्वीने फाटक ढकललं आणि एक पाय खालच्या पायरीवर सोडला.

श्रुतिकाचा हात छातीशी आला. बाबासोंचा हात मागे आला, चिमटीतल्या टोकासकट. तक्ता सरकला, टोक शेजारच्या तांब्याच्या पट्टीला लागलं. स्क्रीन पांढरी झाली. एखादं पिंप फुटावं तसा आवाज झाला आणि मग कॅमेरा छताकडे बघत राहिला.

चार्वी वरच्या पायरीवर बसली होती आणि आवाजाला हसत होती.

श्रुतिकाने मदतीचं बटण दाबलं. ते तिने आधी दाबलं की आधी चार्वीला उचललं, हे तिला नंतर कधीही आठवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तोंडावरच्या काचेने बाबासोंचे डोळे वाचले. मोज्यांनी बोटं वाचली. हात झटक्याने मागे आला तेव्हा बाही वर सरकली होती. मोजा आणि बाही यांच्या मधल्या जागेत भाजलं, खोलवर. ते दवाखान्यात असतानाच कंपनीने चौकशी केली. पट्टीच्या नोंदीत ओढ स्पष्ट होती आणि हाताची हालचालही. पट्टी ओढते म्हणजे हात चुकीच्या जागी गेलेला असतो, असं धरूनच सगळी व्यवस्था बांधलेली होती. तेव्हा हात चुकीच्या जागी गेला होता, असं ठरलं. चालू विजेवर काम करण्याची बाबासोंची परवानगी रद्द होणार होती, फक्त शेवटची सुनावणी बाकी होती.

"तुमच्यावर काहीच नाही," हर्षदा फोनवर म्हणाली. "उलट तुम्ही ओढलं म्हणून ते वाचले. स्वतः खोत पण हेच म्हणतायत. आधी म्हणत होते, मी हात हलवलाच नव्हता. आता म्हणतात, वैनींनी ओढलं म्हणजे हललाच असणार."

श्रुतिकाने खोलीचं दार लावून घेतलं. आणि सांगितलं. जिना, टेबल, कडी. सांगताना तिला वाटलं होतं, पलीकडून ओरडा ऐकू येईल. आपण ज्याला लायक आहोत असं काहीतरी ऐकू येईल.

पलीकडून फक्त टाइप केल्याचा आवाज आला. मग हर्षदाने विचारलं, "मूल समोर असताना धार किती टिकायची? पूर्ण वेळ?"

"काय?"

"नाही, म्हणजे आणखी काहीजणींचं असंच दिसतंय. रेघ उतरते आणि एकदम वर जाते. आम्हाला कारण कळत नव्हतं. मॅडम, हे सुनावणीत आणू नका, उगाच गुंता होईल. पण आमच्या टीमशी बोलाल का? स्क्रीनच्या कोपऱ्यात मुलाचा कॅमेरा देता येईल. जिन्यासारखं नको, काहीतरी सुरक्षित."

"सुरक्षित असेल तर मी घाबरणार नाही," श्रुतिका म्हणाली.

"हो," हर्षदा विचारात पडून म्हणाली, "तो प्रश्न आहेच."

श्रुतिकाने फोन ठेवला. अभिनंदन बाहेर चार्वीला पाठीवर घेऊन घोडा घोडा करत होता. तिने त्याला आत बोलावलं आणि पुन्हा तेच सगळं सांगितलं. तो ऐकत असताना पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "मी रोज सकाळी ती कडी बघून जात होतो." मग उठला आणि चार्वीला घेऊन खाली आईकडे जाऊन बसला.

बाबासोंचं घर इचलकरंजीबाहेरच्या वस्तीत होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी, ऊन कलायच्या आत श्रुतिका तिथे गेली. तिला पाहताच शेवंताकाकींनी, बाबासोंच्या बायकोने, सतरंजी झटकून पसरली. "ह्या व्हय वैनी? या, या. आवो, बगा कोण आलंय. तुमाला वाचिवलेल्या बाई."

बाबासोंचा चेहरा तिने आज पहिल्यांदा पाहिला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक होता. हाताला पातळ बँडेज होतं, बोटं मोकळी होती. काकी बशीतून त्यांना चहा पाजत होत्या, लहान मुलाला पाजावा तसा.

"बोटं चालतात ना काका?"

"डॉक्टर म्हणतोय चालत्यात," काकीच बोलल्या. "पर ह्ये हातात कायबी धरंनात. नातवालाबी उचलून घेईनात."

"कसं धरू," बाबासो म्हणाले. ते चेष्टेत बोलू बघत होते, पण जमत नव्हतं. "हात माझा ऱ्हायला न्हाई वैनी. मला वाटतंय हितं हाय, आन त्यो जातोय भलतीकडंच. इतकी वर्सं काम केलं, कदी असं झालं न्हवतं. तुमी हुता म्हणून." त्यांनी मान खाली घातली. "लाज वाटती तुमाला तोंड दावायची."

श्रुतिका सतरंजीवरून उठून खाली फरशीवर बसली. का, ते तिलाही कळलं नाही.

"काका, तुमचा हात हलला नव्हता."

मग तिने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होती, पण शब्द पहिल्यांदापेक्षा जड जात होते. मोजे चढवताना हात हिसकला होता तेव्हा खोटं बोलले, हेही सांगितलं, आणि हर्षदा काय म्हणाली तेही. शेवंताकाकींच्या हातातली बशी वाटेतच थांबली.

"म्हंजी," बाबासो सावकाश म्हणाले, "हात मी ठिवला हुता तितंच हुता?"

"तिथेच होता. तुम्ही हलवला नाही. मी हलवला."

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. नखं, बोटं, बँडेजची कड. मग त्यांनी काकींच्या हातातली बशी घेतली. थोडा चहा बोटांवरून ओघळला, पण त्यांनी ती आपल्या हाताने तोंडाला लावली आणि संपवून खाली ठेवली.

"लेकरू केवढं हाय?"

"दीड वर्षाचं."

"आन त्येला जिन्यावर सोडलासा. माझा जीव ऱ्हावा म्हणून."

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांनीच वाट करून दिली होती. श्रुतिकाला ते 'हो' जिभेवर आल्याचं जाणवलं आणि त्याचीच तिला सगळ्यांत जास्त शरम वाटली.

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्या जागी दुसरी येऊ नये म्हणून."

बाबासोंनी मान हलवली, जणू एखाद्या तारेचं दुसरं टोक सापडलं.

"उद्या तितं ह्येच सांगायचं. मी म्होरं बसणार. एक शबुद गाळायचा न्हाई."

"नाही गाळणार."

"त्या पोरीनं काय सांगितलं, कोपऱ्यात कॅमेरा, त्येबी."

"तेही सांगेन."

"मग जावा आता."

ती उठली. चपला घालताना मागून पावलं वाजली. शेवंताकाकी सवयीने देवळीतला कुंकवाचा करंडा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. घरी आलेल्या सवाष्णीला रिकाम्या कपाळाने कोण पाठवतं. करंडा त्यांच्या मुठीत होता, झाकणावर अंगठा होता. त्यांनी श्रुतिकाकडे पाहिलं आणि अंगठा तिथेच राहिला.

श्रुतिकाने कपाळ पुढे केलं नाही. काकी क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत वळल्या.